सुखीबाईची टोपली

१

मूर्तीचं नाक शाबूत होतं, आणि पुंडलिकरावांना पहिली चीड आली ती त्याच गोष्टीची.

अब्रू घ्यायला आलेला माणूस नाक सोडून जातो होय? पुंडलिकरावांची उभी हयात पोलिसात गेली होती. वैऱ्याच्या बापाचे फोटो फोडणारे त्यांनी पाहिले होते, देवळातल्या मूर्तींवर हात टाकणारे पाहिले होते. लेकाचे सगळे आधी तोंडावर जातात. इथं मात्र बाईचे डोळे, नाक, ओठ जसेच्या तसे होते. फुटलं होतं ते दोन्ही कानशिलांवरचं आणि दोन्ही दंडांवरचं.

"मामा, पाह्यलं का? टोपली गेली, बलिया गेल्या," घनश्याम मागून कुजबुजला.

"मले डोळे आहेत," पुंडलिकराव म्हणाले.

फौजदारकी सुटल्यापासून ते मारेगावात थोरल्या बहिणीकडे, तानाबाईकडे राहत होते. घनश्याम तिचा मुलगा. त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तांड्याच्या अगदी कडेला, खेमसिंगची ही कुडाची झोपडी होती. काल सांजेला खेमसिंग आणि त्याची पोरगी कोकिळा कापूस वेचून परत आले तो मूर्तीची ही गत. तेव्हापासून इकडे खेमसिंग कुऱ्हाड घेऊन दारात बसला होता आणि तिकडे तांड्यातली पोरं काठ्या घेऊन पारावर. आज नाही तर उद्या डोकी फुटणार हे घनश्यामला दिसत होतं, म्हणून तो मामांना बळंच गाडीत घालून घेऊन आला होता.

मूर्ती म्हणजे छातीपर्यंतचा पांढरा प्लास्टरचा पुतळा. खेमसिंगची आई, सुखीबाई. ती रंगूनला एका मूर्तिकाराकडे दूध घालायची. त्याने तिला समोर बसवून, तिचा गोर, म्हणजे बंजारा, बायकांचा सगळा साज हुबेहूब उतरवून हा पुतळा केला आणि त्याची एक प्रत तिलाच दिली. सात-आठ वर्षांपूर्वी ती तिकडेच वारली. मग गेल्या साली बर्म्यातून हिंदुस्थानी माणसं निघाली तेव्हा बंदरावर सगळ्यांच्या अंगावरचं सोनंचांदी उतरवून घेतलं गेलं. हे पांढरं डोकं मात्र कोणालाच नको होतं. कोकिळानं ते गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून इथवर आणलं होतं.

आणि त्याच डोक्यावरून पोळ्यापासून तांडा पेटला होता.

गोर बाई लग्न झालं की कानशिलांवरच्या बटांना चांदीची टोपली बांधते, खाली घुगऱ्या, म्हणजे घुंगरं, लोंबतात. कोपराच्या वर दंडभर बलिया, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, घालते. नवरा असेतोवर हे अंगावर, नवरा गेला की उतरवायचं. खेमसिंग म्हणे, मी तुमच्याच रामसिंगचा मुलगा. तांड्याचा नायक लखीराम हा रामसिंगचा सख्खा पुतण्या, तो म्हणे, रामसिंग मानमोडीच्या तापाच्या साथीत मेला, त्यानंतर सुखी एका मुकादमासोबत पळाली, हा कोणाचा कोण जाणे! आणि वर रांडावलेल्या बाईची टोपली घातलेली मूर्ती आमच्या तांड्यात आणतो! येत्या रविवारी नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसणार होती. खेमसिंग रामसिंगचा ठरला तर तांड्यात जागा, पोरीला सोयरीक. नाही ठरला तर बापलेकींनी बिऱ्हाड उचलायचं.

"बर्म्यात म्हनत, तू हिंदुस्थानी, निघ. इथं म्हनतात, तू बर्म्याचा, निघ. आता कुठं समुद्रात जाऊ?" खेमसिंग दारातूनच ओरडला.

 पुंडलिकराव वाकले, कानशिलावरच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली. घाम डोळ्यात उतरला होता म्हणून त्याच बोटानं त्यांनी डोळा चोळला, आणि दुसऱ्याच क्षणी फौजदार झोपडीत थयथया नाचायला लागले.

"पाणी आन, पोरी! पाणी! अबे, आग लागली डोळ्यात!"

डोळा धुऊन झाल्यावर त्यांनी तेच बोट जिभेला लावून पाहिलं. मिरची होती.

२

"कुऱ्हाड खाली ठेव," लाल डोळ्यानं पुंडलिकराव खेमसिंगसमोर बसले. "आता खरं सांग. तूच फोडलीस का?"

खेमसिंग उभा राहिला. पंचेचाळिशीचा, वाळलेला, पण रागानं अंगात दहा माणसांचं बळ आलेला. "मी? माह्या मायले मी फोडीन?"

"काहून नाही? रविवारी नसाब. पुरावा तुह्यापाशी काही नाही. मूर्ती फुटली की चार लोकं हळहळतात, लखीरामवर बोट जाते. असे धंदे करनारे मी ढीगभर पाह्यले."

"साहेब असाल तुमच्या घरी!" खेमसिंगनं कुऱ्हाडीकडे हात नेला. घनश्यामनं मधे पडून त्याला धरलं.

"बा, बस खाली," कोकिळा म्हणाली. पोरगी अठरा-एकोणीसची, आवाज बारीक पण ठाम. तिनं फौजदारांकडे पाहिलंही नाही, भिंतीकडे पाहूनच बोलली. "आम्ही आलो तवा तुकडे पडले नव्हते. बांधून ठेवले होते."

"बांधून?"

तिनं कोपऱ्यातून पांढऱ्या फडक्याची गाठोडी आणून टाकली. पुंडलिकरावांनी गाठ सोडली. आत टोपलीचे तुकडे, बलियांचे तुकडे, सगळे गोळा करून ठेवलेले. एक चिटकोराही बाहेर राहिला नसावा. फोडणारा इतका नेटका?

"हे फडकं तुमचं?"

"नाही. आमच्याकडे पांढरं फडकं नाही. आनखी एक. मूर्ती ओली होती. डोक्यावरून पाणी टपकत होतं, खाली चिखल झाल्ता."

पुंडलिकरावांनी मघाशीच मूर्तीखालची जमीन पाहिली होती. कुठून तरी हंडा लवंडला असेल म्हणून सोडून दिलं होतं. स्वतःच्या या बेपर्वाईचा त्यांना राग आला आणि तो त्यांनी घनश्यामवर काढला, "तू काय पाहून राह्यला तोंडाकडे? गाडी जुप!"

जाता जाता ते खेमसिंगकडे वळले. "तुह्या बापाचं तुले काय आठवते?"

"लाल पागोटं," खेमसिंग म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "मी चार वर्साचा होतो. जहाजावर चढताना मले म्हने, होळीपर्यंत येतो, आजीले भेटून येतो. माय मरेपर्यंत होळीची वाट पाहत बसली. मरताना सुद्धा टोपली काढू देली नाही तिनं. म्हने, त्याची काही खबर नाही, मंग काहून काढू?"

आणि मग पुन्हा पहिल्यासारखा खेकसला, "हे लिहून घ्या म्हनाव लखीरामले!"

३

लखीरामच्या दारात कोणी या बसा म्हटलं नाही. पुंडलिकराव स्वतःच खाट ओढून बसले.

लखीराम पन्नाशी उलटलेला, पाय सुजलेला, डोक्यावर फेटा, बोलण्यात नायकाचा तोरा. त्याचा मुलगा अमरसिंग चुलीपाशी भाकर-चटणी खात बसला होता. चुलीपुढे त्याची आई बिजलीबाई.

"फौजदार, तुमचं राज्य गेलं. आमचा निवाडा आमची नसाब करते," लखीराम म्हणाला.

"करू दे. मी निवाडा नाही करत, विचारून राह्यलो. काल दिवसभर कुठं होता?"

"ह्या खाटेवर. ह्या पायानं दुसरं कुठं जाईन?"

"आन तू?"

अमरसिंगनं घास गिळला. "कापसाची गाडी घेऊन वनीले गेलतो. तुमच्याच भाच्याचा कापूस. विचारा त्याले."

घनश्यामनं मान हलवली. खरं होतं ते.

"आन फौजदार," अमरसिंग हसला, "मी फोडली असती न, तर नाक ठेवलं नसतं. टोपली फोडून काय होते? त्या बुडीचं नाक कापून चौकात टांगलं असतं."

पोरगा मस्तवाल होता, पण बोलला ते पुंडलिकरावांच्या मनातलंच. एवढ्यात अमरसिंगनं तोंड वाकडं केलं आणि घास थुंकला. "याडी! चटणीत खडे! दोन दिस झाले, दात पडून राह्यले माहे!"

"माह्यावर कायले ओरडतो?" बिजलीबाई उसळली. "मी दिवसभर वेचनीले. पाट्यावर चटनी मानीबाई वाटते. बुडीले दिसत नसन."

पुंडलिकराव उठले. पाटा दारामागेच होता. वरवंटा हातात घेतला, उलटा केला. धुतलेला होता, पण दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत पांढरं काही तरी बसलं होतं. त्यांनी नखानं खरवडलं. चुना नव्हता. तांदळाचं पीठही नव्हतं. त्यांच्या डोळ्याची आग अजून पुरती शमली नव्हती, त्यामुळे जिभेला लावायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"ही मानीबाई कोण?"

"माह्या बापाची लांबची बहीन," लखीराम झटकन म्हणाला. "लहानपनीच रांडावली. कोनी नाही तिले. दिवाळीनंतर घेऊन आलो, तुकडा खाते, पडून राह्यते. तिले कायले मधात घेता?"

"मी कुठं घेतलं? मले पाणी पाह्यजे."

"पाणी बिजली देते."

"मले मानीबाईच्या हातचं पाह्यजे," पुंडलिकराव म्हणाले. लखीरामच्या तोंडावरचा तोरा पहिल्यांदाच हलला, तो पाहून त्यांना मनातून बरं वाटलं.

मागच्या दारातून एक म्हातारी आली. उंच, हाडकुळी, काळं लुगडं, पदर अंगभर घट्ट लपेटलेला. डोळे असे की माणूस समोर बसला आहे हेच जणू तिला मंजूर नव्हतं. तिनं कोपऱ्यातला हंडा दोन्ही हातांनी उचलून खांद्याच्या वर नेला आणि फौजदारांच्या ओंजळीत धार धरली. पदर घसरला.

पुंडलिकराव पाणी प्यायला विसरले. सगळं पाणी त्यांच्या कोटावर सांडलं.

म्हातारीचे हात उन्हानं जळून काळेठिक्कर पडलेले. पण कोपराच्या वर, दंडावर, एकाखाली एक गोऱ्यापान चामडीचे पट्टे होते. त्या चामडीनं जन्मात ऊन पाहिलं नव्हतं.

४

तानाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पुंडलिकराव कोट वाळत घालून तिच्यासमोर येऊन बसले आणि एक शेंग उगाच चुरगाळली.

"काय झालं? कोनावर चिडून आला?" तानाबाईनं विचारलं.

"ताना, भाऊजी गेले त्या दिवशी... तुह्या बांगड्या कोनी फोडल्या होत्या?"

तिचा हात थांबला. या घरात ती गोष्ट कोणी काढत नसे. "हे आता कायले?"

"सांग न."

"आळीतल्या दोघी. रमाची आजी आन ती पाटलाची मावशी. दोघीही रांडावलेल्या. सवाशीण थोडीच हात लावते! माणूस तर नाहीच. विहिरीवर बसवलं, डोक्यावरून पाणी घातलं, मंग बांगड्या. अन तुकडे सगळे गोळा करून फडक्यात बांधले, कोनाच्या पायात जाऊ नये म्हनून." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "तू होता न तिथं. फौजदाराचा डगला घालून उभा होता लांब."

होते ते. लांब उभे होते आणि त्यांना त्या बायकांवर बंदूक रोखावीशी वाटली होती. आपल्या बहिणीला कोणी हात लावतं आहे आणि आपण काही करू शकत नाही, याची ती चीड अजून त्यांच्या पोटात होती. विहिरीचं ते पाणी, ते फडकं, सगळं त्यांना लख्ख आठवलं.

पाणी. फडकं. नाकाला धक्का नाही.

"अरे माह्या करमा!" पुंडलिकराव ताडकन उठले. "ताना, ती मूर्ती कोनी फोडलीच नाही!"

"मंग?"

"कोन्या बाईनं तिले रांडावली. रीतीनं, विधीनं!"

तानाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मेलेल्या बाईले? दगडाच्या? येडी होईन का कोनी? कोनाच्या नावानं रांडावली?"

हाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर सुचलं तेव्हा पुंडलिकरावांना आनंद झाला नाही. त्यांना लखीरामचा गळा धरावासा वाटला.

५

रविवारी नसाब लिंबाखाली बसली. एका बाजूला लखीराम, अमरसिंग आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला खेमसिंग आणि कोकिळा, दोघंच. मधे घोंगडीवर सुखीबाईची मूर्ती. बायका मागे उभ्या होत्या, त्यात काळ्या लुगड्यातली मानीबाई सगळ्यांत मागे, झाडाला टेकून.  पोरांच्या काठ्या खाली ठेवल्या होत्या, पण हातापासून लांब नव्हत्या.

"फौजदार, चोर सापडला का?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

"चोर राहू दे. आधी मूर्ती दुरुस्त करू," पुंडलिकरावांनी पांढरी गाठोडी आणि बाभळीच्या डिंकाची वाटी घोंगडीवर ठेवली. "टोपली चिकटवायची आहे. सवाशिणीच्या हातानं. बिजलीबाई, ये."

गलका उठला. लखीराम खाटेवरून अर्धा उठला. "हात लावायचा नाही! रांडेले टोपली नाही!"

"रांड कशावरून?"

"रामसिंग मेला मानमोडीत!"

"प्रेत कोनी पाह्यलं?"

लखीरामनं पंचांकडे पाहिलं.

"साथीच्या साली वनीच्या बाजारातून परत नाही आला, एवढ्यावर तुह्या बापानं त्याचं सुतक धरलं," पुंडलिकराव म्हणाले. "ह्या तांड्यात मी दोन दिवस सगळ्या बुड्यांले विचारलं. कोनी प्रेत नाही पाह्यलं. खेमसिंग म्हनते, तो रंगूनहून निघाला. तिथून पुढं मेलेला कोनी पाह्यला? कोनी नाही. मंग पंचहो, सांगा मले. ज्या बाईच्या नवऱ्याले मेलेला कोनीच पाह्यला नाही, ती रांड कशी? जोपर्यंत 'मी पाह्यला' म्हननारं कोनी उभं राहत नाही, तोपर्यंत ही सवाशीण. आहे का कोनी?"

लिंबाखाली कोणी हललं नाही. पुंडलिकरावांनी मुद्दाम मागे पाहिलं नाही.

"मंग झालं. बिजलीबाई, डिंक लाव."

बिजलीबाई नवऱ्याकडे बघत, घाबरत पुढे आली. पंचांचा म्हातारा म्हणाला, "लाव बाई, फौजदार बराबर म्हनते." तिनं टोपलीचा तुकडा उचलला, डिंकात बुडवला, मूर्तीच्या कानशिलाकडे नेला.

"हात नको लावू तिले!"

मानीबाई गर्दी फाडत पुढे आली होती. पदर पडला होता, दंडावरचे पट्टे सगळ्यांसमोर उघडे होते.

"तिचा नवरा मेला!" ती किंचाळली. "मी पाह्यला! माह्या मांडीवर मेला!"

६

"बुडी भ्रमली!" लखीराम ओरडला. "बाहेर काढा तिले!"

"बस खाली!" पुंडलिकरावांचा आवाज असा चढला की लिंबावरचे कावळे उडाले. "लहानपनीच रांडावलेली म्हने! दंडावरचे हे पट्टे पाहा पंचहो. चाळीस वर्सं बलिया घातलेला हात आहे हा. आन त्या उतरवून महिनाही नाही झाला. मंग लखीराम खोटं काहून बोलला? कारन तिचा नवरा कोन हे तुमाले कळू द्याचं नव्हतं, म्हनून तिले घरात आनून नजरेखाली ठेवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वरवंटा लखीरामच्या घरचा. मूर्तीच्या कडेला मिरची लागली होती आणि चटणीत प्लास्टरचे खडे. घरातले सगळे त्या दिवशी बाहेर, लखीरामचा पाय सुजलेला, घरी फिरती एकच ही. डोक्यावरून पाणी, टोपली-बलिया तेवढ्या उतरवलेल्या, तुकडे फडक्यात. वैरी असं फोडत नाही. नवरा मेला की त्याच्या दोन्ही बायकांचा साज उतरतो. एकीचा उतरला होता, दुसरीचा हिनं उतरवला.

"सांग बाई आता. धनी कोन तुहा?"

मानीबाईनं लखीरामकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, तेव्हा ती तुच्छतेनं हसली.

"धावजी म्हनत त्याले. वनीच्या पल्याडच्या तांड्यात. नाव खरं रामसिंग. साथीत तो बर्म्याले निघून गेला, मंग मुकादमासंगं सुखीलेही बोलावून घेतलं; पुढं एकटा परत आला तवा ह्या लखीरामच्या बापानं वेशीवरच अडवलं. म्हने, तुहं सुतक झालं, तुह्या नावानं केस उतरवले आमी, मेलेला मानूस तांड्यात येत नाही. आला तर तांडा बुडते. खरं तर नायकी घेऊन बसला होता तो. अन माहा धनी बिचारा भेकड. मानला. मंग लखीरामच्या बापानंच त्याचं नाव बदललं, माह्याशी लगन लावून देलं. पुढं रंगूनवर बॉम्ब पडले तवा लखीरामच्याच बापानं येऊन सांगितलं, सुखी गेली, पोट्टा गेला. त्या दिसापासून त्यानं तिचं नाव टाकलं. चाळीस वर्सं त्याची बायको मी. मीच."

खेमसिंग दगडासारखा बसून ऐकत होता.

पंचांचा म्हातारा घसा खाकरला. "मंग खेमसिंग रामसिंगचा. यात आता काही राह्यलं नाही. लखीराम, काठी खाली ठेव. नायकाची." आणि बोटांवर वर्षं मोजत तो मूर्तीकडे वळला. "आन ही सुखी... ही रंगूनले मेली, आठ वर्सं झाले न? रामसिंग मेला ह्या दिवाळीले. मंग ही आधी गेली. नवऱ्याआधी गेली ती सवाशीण गेली. तिची टोपली कोनाच्यानंच उतरत नाही बाई. तू उगाच मेहनत केली."

हे मानीबाईच्या रागाला सुचलंच नव्हतं. तिनं मूर्तीकडे पाहिलं, मग स्वतःच्या उघड्या दंडांकडे. बिजलीबाईनं टोपली चिकटवली, एक कानशिल, मग दुसरं. तांड्यातल्या सवाशिणी पुढे होऊन बघायला लागल्या. मानीबाईसाठी कोणी जागा केली नाही.

"एक सांग," खेमसिंग पहिल्यांदाच बोलला. "मी पोळ्यापासून इथं होतो. त्याले ठाव होतं?"

मानीबाईनं पडलेला पदर उचलून दंडांवर घेतला.

"वनीच्या बाजारातून खबर आली," ती म्हणाली. "बर्म्याहून सुखीचा पोट्टा आला, तिची मूर्ती घेऊन आला. त्या दिसापासून माह्याशी बोलला नाही. अंथरुनावर होता, उठता येत नव्हतं. सारखा म्हने, गाडी जुप. मानी, गाडी जुप, मले तिकडे ने. चाळीस वर्सं मी त्याचं केलं, आन मरताना त्याले ती पाह्यजे होती. दगडाची! बैल दारात होते. गाडी दारात होती." तिनं मान वर केली. "मी नाही जुपली."

काठीवाल्या पोरांपैकी कोणी तरी शिवी हासडली. अमरसिंगनंच, बहुतेक. कोकिळा तोंडात पदर कोंबून बसली होती. पुंडलिकरावांना वाटलं, आता खेमसिंग त्या म्हातारीवर धावून जाणार, आणि त्यांनी ठरवलं की आपण आडवं यायचं नाही.

खेमसिंग उठला. मानीबाईजवळ गेला नाही. घनश्यामकडे गेला.

"भाऊ, तुमची गाडी पाह्यजे. उद्यापर्यंत."

"घेऊन जाय," घनश्याम म्हणाला.

खेमसिंगनं स्वतःच्या हातानं बैल जुंपले. मूर्ती गोधडीत न गुंडाळता, तशीच, टोपली दिसेल अशी उचलून कोकिळाच्या मांडीवर दिली. मग मानीबाईसमोर येऊन उभा राहिला.

"चल. कुठं जाळला ते दाखव."

"मी नाही येत."

"तुले विचारलं नाही."

ती चढली. कोकिळानं सरकून जागा दिली नाही, म्हणून म्हातारीला समोरच बसावं लागलं, मूर्तीच्या तोंडापुढे. गाडी वणीच्या रस्त्याला लागली. सबंध दिवसाची वाट होती, आणि गाडी धुरा ओलांडेपर्यंत पुंडलिकराव पाहत होते, तेवढ्यात मानीबाईनं दोनदा तोंड फिरवलं आणि दोन्ही वेळा कोकिळानं मूर्ती तिच्या तोंडासमोर आणून धरली.

"मामा, घरी जायचं न?" घनश्यामनं विचारलं. "पन गाडी तर गेली."

"पाय आहेत न मले?" पुंडलिकराव खेकसले, आणि मारेगावच्या दिशेनं पायीच चालायला लागले.